मानशीची पावणी आणि बांधाची बिळं

गोव्यातली खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली भातशेतं, टिकवायची तर सरकारने बांधांना पैसे द्यावेत असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. बांधाला मोठं खांड (भगदाड) पडलं की सरकारी पैसा लागतोच, पण खांड पडतं कशामुळे ते पण बघा ना. आमच्या तिसवाडी तालुक्यात आजोबा ओहोटीला बांधावरून चालायचे, कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) बीळ दिसलं की तिथेच वाकून हाताने चिखल दाबून बंद करायचे. बोटभर बीळ, पण भरतीचं पाणी त्यातूनच आत शिरतं आणि दोनचार भरतींत तिथला बांध बसतो. हे काम कंत्राटदार करणार नाही, ते रोज बांधावर असणाऱ्यानेच करायचं असतं.

दुसरं म्हणजे मानशीची पावणी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी मासळी धरायच्या हक्काचा लिलाव, यावर कोणीच बोलत नाही. मासळीच्या पावणीचे पैसे बांधाच्या डागडुजीला, अशी ती जुनी सांगड. आता आमच्याकडे पावणी घेणारा जास्त सुंगटं (कोळंबी) मिळावीत म्हणून खारं पाणी आत कोंडून ठेवतो, मग कोरगूट कितीही खारं सोसणारं भात असलं तरी किती सोसणार? शेत पडीक राहिलं की खारफुटी येते, आणि एकदा ती आली की कायद्याने तोडता येत नाही, शेत गेलंच समजा. दोन वर्षांमागे आम्ही कुळसंघाच्या (खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या) बैठकीत पावणीच्या अटींतच लिहून घेतलं की मानशीच्या फळ्या शेतकऱ्यांना विचारूनच हलवायच्या. भांडणं झाली, पण यंदा दोन कुटुंबांनी परत कोरगूट पेरलंय.