दुखणं थांबलं म्हणजे काम झालं?

कुणीतरी विचारलंय की रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीनंतर दाताचा ठणका थांबला, मग पुन्हा जायची गरज काय? गरज आहे, आणि चांगलीच आहे. आतली नस काढली की दुखणं थांबतं, पण मुळांच्या नळ्या साफ करून भरायच्या राहिलेल्या असतात. वर असते ती तात्पुरती सिमेंटची भर. ती झिजली की लाळेतले जंतू पुन्हा आत शिरतात.

काहीच न करता ठणका आपोआप गेला असेल तर उलट जास्त सावध व्हा. बहुधा नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे गुपचूप सरकत असतो. नुसत्या अँटिबायोटिकने हे बरं होत नाही, कारण मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो, औषध तिथे पोचणार कसं?

डॉक्टरांना विचारा: रबर डॅम लावणार का? दाताभोवती ताणून बसवायचा हा रबराचा पडदा लाळ बाहेर ठेवतो, आणि नळ्या साफ करायची बारीक सुईसारखी फाइल हातातून निसटलीच तर घशात जाऊ देत नाही. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी असते, ती शोधलीय का, हेही विचारा. आगाऊपणा वाटला तरी चालेल.

नंतर चावताना काही दिवस ठसठसतं, ते ठीक. सूज किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

आणि दाढेवरची कॅप टाळू नका. पोखरलेली दाढ चावताना उभी चिरली तर बहुतेक वेळा काढावीच लागते.