कपाशीचा वेचा सांभाळून अर्ध्या एकरात काय लावू?

प्रश्न (हिंगणघाट तालुका)
नमस्कार. आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे, विहिरीवर अर्धा एकर भिजतो. तो यंदा मी करायचा आणि त्याचा पैसा माझ्याकडेच राहायचा, असं घरात ठरलंय. मला मिरची लावावीशी वाटते. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचा. दव असतं तोवर ओला कापूस वेचता येत नाही, म्हणून स्वयंपाक, डबे, गोठा उरकून दहाला कमरेला ओटी बांधते ती दिवस मावळेपर्यंत. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, रात्री कणीक मळताना झोंबतं. मिरचीचा तोडाही तेव्हाच येणार. काय करू?

उत्तर १
ताई, मिरची नको. दर आठ-दहा दिवसांनी तोडा, तो थांबत नाही. मजूर बाया तेव्हा किलोच्या भावाने कापसालाच जातात, मग घरच्या बाईनेच दोन्हीकडे पळायचं. हळद बघा. तुमच्या शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मे-जूनला लावली की काढणी वेचा उरकल्यावर. थोडं मागंपुढं झालं तरी कंद जमिनीत राहतो.

उत्तर २
हळद चांगली, पण पैसा आठ-नऊ महिने अडकतो. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं. आणि श्रावणात कपाशीचं नि हळदीचं निंदण एकदमच येतं, हे कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी पाच गुंठेच लावा, सव्वा क्विंटल बेण्यात भागेल. शिजवणं, पॉलिश भाड्याच्या यंत्रावर करा, घरी कढई मांडू नका.

उत्तर ३
पीक कोणतंही लावा, वेच्याच्या दिवसांत गोठा कोण बघणार ते आत्ताच ठरवून घ्या. वेळ तिथेच निघेल. आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे? सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, माल घालताना नोंदणी सातबारावाल्याची, पैसे त्याच्याच खात्यात. वेचलेला कोणी, हे तिथे कोणी विचारत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला माझ्या सासूबाई गेल्या होत्या. पुढे त्यांनी सासऱ्यांकडून नाव लावून घेतलंच.

प्रश्न विचारणारी
सातबारा यांच्या नावावर आहे, आजच बोलते. गोठा सकाळचा यांनी करावा, हेही. हळद पाच गुंठे नक्की. फक्त एक सांगा, शेतातली लाइट आठवडाभर रात्रीची असते तेव्हा तुमच्याकडे पाणी द्यायला कोण जातं?