वल्हाला: क्रेटॉसचं प्रायश्चित्त खरं की आयतं?

रातकिडा (धागाकर्ता)

(खाली शेवट उघड केला आहे. खेळायचं बाकी असेल तर आधी खेळून घ्या.)

'गॉड ऑफ वॉर राग्नारोक' या व्हिडिओ गेमचा 'वल्हाला' हा जोडभाग गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा संपवला. १२ डिसेंबर २०२३ला तो आला तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला मूळ गेमचं फुकट मिळालेलं शेपूट समजून बाजूला ठेवलं. मला वाटतं, गेमचा नायक, एके काळचा ग्रीक युद्धदेव क्रेटॉस, त्याची गोष्ट खरी इथेच पुरी होते. नोव्हेंबर २०२२च्या मूळ गेममध्ये ती अर्धीच राहिली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राग्नारोक, म्हणजे नॉर्स (उत्तर युरोपातल्या जुन्या) देवांचं शेवटचं युद्ध, उरकल्यावर क्रेटॉसला वल्हालाचं, म्हणजे नॉर्स देव ओडिनच्या वीरांच्या महालाचं, निमंत्रण येतं. कोणी पाठवलं ते कळत नाही. मिमीर या सोबत्याचं बोलतं मुंडकं कमरेला लटकावून तो होडीतून तिथे पोचतो. दारातून आत पाऊल टाकलं की आजवर कमावलेली सगळी ताकद गळून पडते, शस्त्रं तेवढी राहतात. एकेक खोली लढत पुढे जायचं, वाटेत मिळणाऱ्या वरदानांतून एखादं निवडायचं. मेलात की पुन्हा दाराशी.

ही रोगलाइट पद्धत (मेलं की पुन्हा सुरुवातीपासून) वरून चिकटवलेली आहे असं म्हणणाऱ्यांनी एड्डांमधला, म्हणजे जुन्या नॉर्स काव्य-कथांमधला, वल्हाला आठवून बघावा. ओडिनच्या महालातले वीर रोज अंगणात एकमेकांशी लढतात, पडतात आणि उठून जेवायला बसतात. सेह्रीम्नीर नावाचा रानडुक्कर रोज शिजतो आणि संध्याकाळी पुन्हा अख्खा होतो. रोज मरायचं, रोज उठायचं, हे मुळातच तिथलं आहे.

आणि आत वाढून ठेवलंय काय, तर स्वतः क्रेटॉसचा भूतकाळ. ग्रीसचे खांब, ग्रीसचे सैनिक. ग्रीक सूर्यदेव हेलिओस समोर येऊन त्याला टोचून बोलतो. 'गॉड ऑफ वॉर'च्या २०१०च्या तिसऱ्या भागात क्रेटॉसने याच हेलिओसचं मुंडकं नुसत्या हातांनी उपटलं होतं आणि पुढे कंदिलासारखं वापरलं होतं. आता त्याच माणसाच्या कमरेला मिमीरचं मुंडकं आहे. ते त्याने मिमीरच्याच विनंतीवरून उतरवलं होतं आणि आज तो त्याचा सगळ्यात जवळचा मित्र आहे. एक मुंडकं वस्तू म्हणून वापरलं, दुसऱ्याचं तो रोज ऐकून घेतो. हा फरक कोणी भाषण देऊन सांगत नाही, आपल्यालाच दिसतो. तो दिसला तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

घाटवाट

लेखन चांगलं आहे, मान्य. पण गेम हातात घेऊन खेळायचा असतो. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर त्याच खोल्या, तेच शत्रू, तीच दारं. 'हेडीज' हा याच पद्धतीचा गेम २०२० साली पूर्ण आला. त्यात मरून परत गेलं की दर वेळी कोणीतरी नवीन काही बोलायचं, म्हणून मरायला कंटाळा यायचा नाही. इथे कथेचे तुकडे संपले की उरतात फक्त आकडे वाढवणं आणि अवघड पातळ्या. फुकट आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं का?

रातकिडा

फुकटचा मुद्दा मी काढलाच नव्हता, विकत असता तरी घेतला असता. कथा संपल्यावर ओढ कमी होते हे खरं. पण नॉर्स युद्धदेव टिरशी होणारी लढत आठव. दर भेटीत तो वेगवेगळ्या देशांतली शस्त्रं काढतो. तो जग हिंडून काय शिकून आला ते त्याच्या हातांतून कळतं. मी त्याच्याकडून सात वेळा मार खाल्ला आणि सातही वेळा नवीन काही पाहिलं.

मधली_आळी

मला लढायांबद्दल काही म्हणायचं नाही. मला शेवट पटला नाही, आणि नीट सांगते का ते.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. बायको-पोरांनी स्पष्ट सांगितलं की पाप तुझं, ते तूच फेड. मग तो अंगावर वारूळ चढेपर्यंत बसला. क्रेटॉस काय करतो? चार-पाच संध्याकाळी स्वतःच्या आठवणींशी मारामारी करतो, शेवटी सिंहासनावर बसलेल्या तरुण क्रेटॉसपुढे बोलतो आणि ते सिंहासन घेतो. फ्रेया ही नॉर्स देवी त्याला देवांच्या नव्या मंडळात युद्धदेवाची जागा देऊ करतेच आहे. म्हणजे प्रायश्चित्ताच्या शेवटी पद.

तिसऱ्या भागातली समुद्रदेव पोसायडनच्या महालातली ती बाई आठवते का? साखळदंडात होती, हातापाया पडत होती. दरवाजा उघडा राहावा म्हणून क्रेटॉसने तिला चाकाला अडकवलं आणि ती तिथेच चिरडून मेली. माफी मागायची तर तिची. वल्हालात ती समोर येत नाही. येतो हेलिओस, कारण तो देव आहे, त्याला नाव आहे.

रातकिडा

तुमचा मुद्दा मनाला लागला, म्हणून उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

वल्हाला क्रेटॉसला माफ करतो असं मला एकदाही वाटलं नाही. पूर्ण खेळात त्याला कोणी 'जा, सुटलास' म्हणत नाही. ऑलिंपसची तलवार बघा. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती त्याने स्वतःच्या पोटात खुपसली होती. मेलो की सुटलो, असा त्याचा हिशेब. वल्हालात तीच तलवार पुन्हा हातात मिळते आणि तिच्यासकट पुढे चालायचं असतं. मरण ही सुटका नाही, हे मला त्या दर फेरीच्या मरणाने पटवलं. मरून काही मिटत नाही, परत दाराशीच यावं लागतं.

पद म्हणाल तर ते त्याला नकोच असतं. ज्या युद्धदेवाची चाकरी करताना बायको आणि मुलगी आपल्याच हातून मेल्या त्याचंच नाव पुन्हा लावून घ्यायचं, रोज लोकांच्या नजरेसमोर वागवायचं, ही मला बक्षिसापेक्षा शिक्षाच जास्त वाटते.

उत्तरध्रुव

थोडं वेगळं. एड्डा वाचलेल्या माणसाला हा वल्हाला परका वाटतो. जुन्या कवितेत त्या महालाचे वासे भाल्यांचे आणि छप्पर ढालींचं आहे. दारं ५४०, आणि प्रत्येक दारातून ८०० वीर एका वेळी बाहेर पडतील असं वर्णन आहे. गुणाकार करा: ४,३२,०००. आपल्या पुराणांत कलियुगाची वर्षंही तेवढीच. योगायोग असेल, पण पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढं भव्य काही हाताशी असताना ग्रीक खांब कशाला उभे करायचे? टिरचं तेच. मूळ कथेत फेनरीर लांडग्याच्या जबड्यात त्याने आपला उजवा हात गमावला, आणि ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. इथला टिर दोन्ही हातांनी लढतो.

घाटवाट

हे पटलं. नॉर्स नाव लावून ग्रीक सामान विकल्यासारखं मलाही वाटलं होतं.

आईची_पाळी

माझा मुलगा चौदाचा आहे, मित्राकडे बघून आला आणि मागतोय. १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे, म्हणून नाही म्हटलं. वरचं वाचून वाटतंय की रक्तापेक्षा हा विषयच त्याच्यासाठी मोठा आहे. अजून चार वर्षांनी शेजारी बसून खेळेन.

मधली_आळी

रातकिडा, तलवारीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मरणाने सुटका नाही हेही मान्य. पण पद ही शिक्षा आहे हे क्रेटॉसच्या बाजूने बघितल्यावर दिसतं. काल मी तिसरा भाग पुन्हा लावला, फक्त त्या दरवाजापर्यंत. ती मदतीसाठी ओरडत राहते आणि बटण दाबून तिला ओढत न्यायला आपल्यालाच लावतात. मी २०१०मध्ये काही विचार न करता दाबलं होतं. गेमने तिला नावसुद्धा दिलेलं नाही.