ट्रेंडलाइन म्हणे खोटं बोलते!

रेघोट्या: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'एक्सेल चार्टवर बिंदूंचा कल दाखवायला जी रेघ काढतं, त्या ट्रेंडलाइनचं समीकरण चुकतं. रेघ एकीकडे, समीकरणाचं उत्तर भलतीकडे. बग आहे, वापरू नका.' आणि त्यावर भराभर अंगठे! अहो, चार्टवर समीकरण दाखवणाऱ्या लेबलचा नंबर फॉरमॅट तरी बदलून बघा. लेबलवर गुणक गोल करून दाखवतात, आतला खरा आकडा बराच लांबलचक असतो. आडव्या एक्स अक्षावर तारखा असल्या की मेलोच, कारण 1 जानेवारी 2024 म्हणजे एक्सेलच्या लेखी 45292. समीकरण दुसऱ्या घाताचं असलं की त्याचा वर्ग येतो, 205 कोटी. गुणकात 0.00004 जरी सुटले तरी उत्तर 82 हजारांनी हुकतं. लेबलला सायंटिफिक फॉरमॅट द्या, 14 दशांश ठेवा. नाहीतर सरळ लिनेस्ट, ते फंक्शन गुणक थेट सेलमध्येच देतं.

शंकासुर: तो 'कुणीतरी' मीच. नाव घ्यायला जड गेलं का? दशांश वाढवूनच लिहिलं होतं. तरी चुकतंय.

रेघोट्या: लाइन चार्ट की स्कॅटर, म्हणजे दोन्ही अक्षांवर खरे आकडे घेणारा? एक्सवर काय आहे?

शंकासुर: लाइन. तापमान आहे, 10, 25, 60 असं. त्याने काय होतंय?

रेघोट्या: झालं! लाइन चार्टला ते आकडे म्हणजे नुसती नावं. समीकरणात तो 1, 2, 3 धरतो. स्कॅटर घ्या. आणि त्या रांगेत एकही सेल टेक्स्ट नको, नाहीतर स्कॅटरही 1, 2, 3 वर येतो.

शंकासुर: जुळलं. आपलं ज्ञान अगाध आहे, मुजरा! पण मुकाट्याने भलतंच गृहीत धरायचं आणि खापर वापरणाऱ्यावर? डिझाइन भिकारच आहे, हे मागे घेणार नाही.

आकडेमोड्या: ते सोडा हो. ती सहाव्या घाताची पॉलिनॉमियल, म्हणजे वळणं घेणारी ट्रेंडलाइन, मेन्यूतून कुणी काढेल का? आमचे साहेब आर-स्क्वेअर, म्हणजे रेघ बिंदूंशी किती जुळते तो आकडा, 1 दिसल्याशिवाय सही करत नाहीत. सात बिंदूंना सहावा घात लावला, तर रेघ सगळ्यांतून जाणारच की! पुढच्या तिमाहीची विक्री उणे आली, तर म्हणाले, 'खालचा भाग झाका.'

काकदृष्टी: मग साहेब बदला, मेन्यू कशाला? सेन्सरच्या कॅलिब्रेशनला आम्ही तिसरा घात सर्रास वापरतो.

आकडेमोड्या: मी सहावा म्हटलं. वाचायची तसदी घ्या.

काकदृष्टी: आवाज खाली. घात माणूस निवडतो, एक्सेल नाही.

आकडेमोड्या: तो 'माणूस' माझा पगार ठरवतो! प्रयोगशाळेत बसून बोलणं सोपं आहे.

काकदृष्टी: बरं, तुमच्या साहेबांपुरता काढा.

नवाकोरा: भांडणात घुसतोय, माफ करा. माझी रेघ मध्येच शून्यावर आपटते. सेल तर रिकामे आहेत.

रेघोट्या: दिसायला रिकामे. आतला फॉर्म्युला मोकळं अवतरण (""), म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, देत असेल, चार्ट ते शून्य धरतो. त्याजागी 'आकडा उपलब्ध नाही' सांगणारं एनए फंक्शन टाका.

शंकासुर: घ्या! रिकामं दाखवायचं आणि शून्य काढायचं. हीपण आमचीच चूक असेल ना?

रेघोट्या: अर्धी.