जिथं बनते तिथंच प्यायलेली बिअर: तुमचे अनुभव लिहा

पुण्यात कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हा आमच्या टोळक्यात एकच प्रश्न होता: बाटलीतल्या बिअरला काय धाड भरलीय? आता बाणेर, मुंढवा, कल्याणीनगर, जिकडे जावं तिकडे काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या चमकत असतात आणि तेच टोळकं 'आज टॅपवर नवीन काय?' म्हणून विचारत असतं.

तर तुम्ही कुठल्या ब्रुअरीत गेलात, काय प्यायलात, बनवणाऱ्याशी काही बोलणं झालं का, ते लिहा. गाव, देश कुठलाही चालेल. फक्त 'जाम मजा आली' एवढ्यावर बोळवण करू नका. न पिणाऱ्यांनीही लिहावं. सुरुवात मी करतो.

मुंढव्याकडच्या एका ब्रुअरीत दुपारी गेलो होतो. गर्दी नव्हती. छोट्या ग्लासांची फळी मागवली, फिक्या बिअरपासून काळ्या स्टाउटपर्यंत. दुसरा ग्लास हेफेवायझनचा, म्हणजे गव्हाची जर्मन धाटणीची गढूळ बिअर. नाकाजवळ नेली तर चक्क पिकलेल्या केळ्याचा वास, मागून लवंग. "केळं घालता का हो?" असं तिथल्या ब्रुअरला विचारलं. पठ्ठ्या हसला आणि आतच घेऊन गेला. केळंही नाही, लवंगही नाही, दोन्ही वास यीस्टचे. टाकी जरा उबदार राहिली की केळं चढतं, गार ठेवली की लवंग पुढे येते.

मग त्याने माझ्या हातावर मूठभर माल्ट ठेवलं. बार्लीला मोड आणून वाळवलेले दाणे. चावले तर थेट हॉर्लिक्स! हे भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, पिठुळाची साखर होते, तो गोड रस गाळून हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचा, गार करून यीस्ट सोडायचं. मागच्या दाराशी एक टेम्पो उभा होता. गाळून उरलेला चोथा गोठ्यावर जातो म्हणे, म्हशी आवडीने खातात. बाकीचे चार ग्लास कसे होते ते आता विचारू नका, मी त्या दुसऱ्यावरच अडकलो.

एक डोंबिवलीकर

गेटवे कंपनीची व्हाइट झेन बिअर वांद्र्याच्या बारमध्ये बसून 'वॉव, किती फ्रेश' म्हणत पिणाऱ्या मित्रांना मी दरवेळी आठवण करून देतो की बाबांनो, ही आमच्या डोंबिवलीत बनते. चेहरे बघण्यासारखे होतात. बाकी माझा अनुभव काही नाही.

राइनकाठी

जर्मनीत कोलोनला नोकरीनिमित्त राहतो. इथली बिअर म्हणजे क्योल्श, फिकी सोनेरी, हलकी. मोठा मग मागाल तर मिळणार नाही. २०० मिलिलिटरचा सरळसोट उभा ग्लास, बस. कॅथीड्रलजवळच्या फ्र्यू नावाच्या बिअरगृहात पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटर (त्याला इथे क्योबेस म्हणतात) गोल ट्रेमधून ग्लास घेऊन आला, टेबलावर आदळला आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. ग्लास रिकामा झाला, न मागता दुसरा हजर, दुसरी रेघ. हे थांबवायचा एकच मार्ग: चकती ग्लासवर झाकण म्हणून ठेवायची. शेवटी रेघा मोजून बिल.

मी मध्ये पाणी मागितलं तर "साबण आणि टॉवेलपण आणू का?" असं उत्तर मिळालं, तेही अजिबात न हसता. पुणेकरांना इथे परकं वाटणार नाही.

चवीचं सांगायचं तर क्योल्शमध्ये अंगावर येणारं काही नाही. यीस्ट एलचं, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरचं, पण नंतर लागर या गारव्यात बनणाऱ्या बिअरसारखी थंडीत मुरवलेली, त्यामुळे स्वच्छ. ग्लास छोटा असल्यामुळे शेवटचा घोटही गार असतो, हे मला जास्त पटलं. मोठ्या मगातली तळाची कोमट बिअर कुणाला आवडते?

सारथी

मी पीत नाही, आमच्याकडे परतीची गाडी माझ्याकडे असते. मला ब्रुअरी आवडते ती वासासाठी. बंगळुरूला इंदिरानगरच्या टॉइटमध्ये नणंद घेऊन गेली होती, तिथे गर्दीत बसायला जागा मिळेपर्यंत जीव गेला. पुण्यात मात्र एका ठिकाणी रस उकळत असताना पोचलो. तिथल्या मुलीने मला यीस्ट पडायच्या आधीचा रस चाखायला दिला. गोडमिट्ट, पण शेवटी जिभेच्या मुळाशी कडू. मग हॉप्सच्या हिरव्या गोळ्या तळहातावर चोळायला दिल्या. आधी गवत, मग लिंबाची साल, मग कुठल्याशा फळाचा वास. हात धुतले, तरी नंतर खाल्लेला प्रत्येक फ्रेंच फ्राय कडू लागला. नवऱ्याने आयपीएवर (भरपूर हॉप्सच्या कडू बिअरवर) पैसे खर्च केले, मी तीच चव बोटांवरून फुकट घेतली.

ब्रसेल्सवारी

आईबाबांना घेऊन ब्रसेल्सच्या कान्तियाँला गेले होते. १९०० सालची घरगुती ब्रुअरी, आपलं आपण फिरायचं. इथे यीस्ट घालतच नाहीत. माळ्यावर तांब्याचा मोठा उथळ हौद आहे, त्यात उकळलेला रस रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले जंतू जे काय पडतील त्यांच्यावर सोडतात. म्हणून फक्त थंडीच्या महिन्यांत बनवतात, उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. मग पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचं. कोळिष्टकंही काढत नाहीत, कोळी माश्या-चिलटं खातात म्हणून. आईला हे सांगितल्यावर तिने ज्या नजरेने जाळ्यांकडे पाहिलं!

गझ नावाची बिअर म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं (हवेवर अशी आंबवलेल्या बिअरचं) मिश्रण. बाबांनी घोट घेतला आणि ग्लास सरळ माझ्याकडे सरकवला. आई म्हणाली, "अगं, आंबलंय हे!" म्हटलं, "आई, आंबवलेलंच आहे." आंबट, कोरडी, गोडीचा पत्ता नाही. आंबट चेरीची क्रीक मात्र तिने सावकाश संपवली, आणि बाबांना एक घोटही दिला नाही.

फेसमास्तर

जरा कडू लिहितो. नाव घेत नाही, पण एका चकाचक ठिकाणी लागर मागवली तर लोण्याचा वास, पॉपकॉर्नसारखा. वेटर म्हणे, "सर, तो स्पेशल फ्लेवर आहे." कसला डोंबलाचा फ्लेवर! तो डायअॅसिटिल. यीस्ट स्वतःच तो बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच खाऊन टाकतं. शेवटी टाकीचं तापमान थोडं वाढवून दोनेक दिवस थांबायचं असतं. पण शनिवारची गर्दी समोर दिसत असली की टाकी रिकामी करायची घाई होते. टॅपच्या नळ्या साफ नसतील तरीही हाच वास येतो.

म्हणून पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागा. चांगल्या ठिकाणी कुरकूर न करता देतात.

सोलकढी

ब्रसेल्सवारी, तुमच्या आईंना पुण्यात आणा. कोकम आणि मीठ घातलेली आंबट बिअर इथे मिळते, माझ्या मते आपल्या उन्हाळ्याला याहून योग्य काही नाही. भाच्याला पाजली (एकवीस पूर्ण आहे, महाराष्ट्रात बिअरला तेवढं लागतं, कडक दारूला पंचवीस). तो म्हणाला, "मामा, याच्याबरोबर बांगडा पाहिजे." मेनूत नाचोज होते.

ग्राउलरवाला

कुणी लिहिलं नाही म्हणून: घरी न्यायला बाटली भरून देतात ती थेट फ्रिजमध्ये जाऊ द्या. डिकीत उन्हात ठेवू नका, आणि एकदा उघडली की त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी फेस बसलेला असतो. फेसमास्तर, ती लोण्याची लागर बाणेरची का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.