मदत हवी आहे: हेरिटेज ट्रेन फुल, रविवारी कालाकुंडला कसं जावं?

सराफावाला:
इंदूरजवळच्या पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज ट्रेनचं रविवारचं तिकीट मिळत नाहीये. पाहुण्यांना घाट दाखवायचाच आहे. कारने कालाकुंड गाठता येतं का? लवकर सांगा.

महूकर:
पाहुणे किती, वयं काय? आणि कालाकुंडच का? ट्रेन जेमतेम साडेनऊ किलोमीटर जाते. मजा मधल्या बोगद्यांची, दरीची. कारने जाऊन नुसतं स्टेशन बघणार?

पोहेप्रेमी:
स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो की! लोक त्यासाठीच जातात.

उंडगा:
जानापावचा डोंगर. विषय संपला. उंची सुमारे 850 मीटर, परशुरामाचं देऊळ, चंबळचा उगम. कार पार वर जाते, पावसाळ्यात ढग अंगावरून जातात. पातालपाणीला रविवारी अर्धं इंदूर लोटलेलं असतं.

महूकर:
ढगात दरी काय कप्पाळ दिसणार! पातालपाणीचा धबधबा 300 फुटी आहे, कठड्यापाशी उभं राहून बघा आणि मग बोला.

सराफावाला:
भांडू नका हो. सात जण आहोत. पुण्याची आत्या आणि आतोबा, आत्याचे गुडघे गेलेत. पोरांना पाण्यात खेळायचंय.

घाटवाले काका:
अहो, हे आधी सांगायचं ना! पातालपाणीत पोरांना अजिबात उतरवू नका. वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम चढतं. 2011 मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत एक कुटुंब वाहून गेलं होतं. तुम्ही खंडवा रोडने चोरल धरणावर जा. बोटिंग आहे, पर्यटन मंडळाच्या रिसॉर्टमध्ये जेवण मिळतं, आत्याबाईंना बसल्या जागी डोंगर दिसतील. वाटेत सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतोच, म्हणजे घाटही झाला.

इतिहासबाज:
या रेल्वेसाठी तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रजांना 1 कोटी कर्जाऊ दिले होते. साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं. आणि आज होळकरांच्या इंदूरलाच तिकीट नाही!

पोहेप्रेमी:
व्याज कलाकंदात वळतं करून घ्या.

फिरस्ती:
मांडूला जा. रूपमती मंडपातून नर्मदा दिसते.

सराफावाला:
मांडू मागच्या खेपेला झालं, आणि तिथल्या पायऱ्या आत्याला झेपल्या नव्हत्या. काका, चोरल पक्कं. भेरूघाटात रविवारी ट्रक अडकतात का? सकाळी कधी निघावं?

घाटवाले काका:
अडकतात. सातच्या आत सिमरोल सोडा, पोहे परत आल्यावर खा.

उंडगा:
जानापावच्या चढावर ट्रक नसतात. सांगून ठेवतो.