मदत हवी आहे: माल न्हावाशेवा बंदरात अडकलाय, कुठला कागद कमी आहे?

कृष्णाकाठ_सांगली
आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आहे, जीएसटी आहे, बँकेचा एडी कोड (परकीय चलन घेणाऱ्या बँक शाखेचा नंबर) पोर्टला नोंदवलाय, अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, आरसीएमसी (नोंदणी प्रमाणपत्र) सुद्धा आहे. तरी शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा अर्ज) पुढं सरकत नाही. एजंट म्हणतो "बोर्डाचा कागद आणा", आणि आता फोन उचलत नाही. दुबईचं गिऱ्हाईक रोज विचारतंय. माहीत असेल त्यानं लवकर सांगा.

हिशेबनीस
आयईसी अपडेट केलाय का? दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार खातं) साइटवर माहिती खरी असल्याचं कळवावं लागतं, काही बदललं नसलं तरी. नाहीतर बंद पडतो.

कृष्णाकाठ_सांगली
ॲक्टिव्ह आहे. मी बोर्डाचं विचारलंय.

लोणंदवाला
बंदी आली असणार. कांद्याला काय केलं बघा. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान मूल्य, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून 8 डिसेंबरला सरळ बंदी. मे 2024 ला उठवली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पुरतं गेलं 1 एप्रिल 2025 ला. तोवर शेतकऱ्याचा कांदा चाळीत सडला, त्याचा हिशेब कोण देणार?

मिरज_मार्केट
कांद्याचं दुःख खरं आहे, पण माल कुठला ते कळल्याशिवाय बंदी म्हणू नका. प्रत्येक एचएस कोडचं (कस्टमचा वस्तूचा नंबर) धोरण वेगळं असतं. साखर 1 जून 2022 पासून 'रिस्ट्रिक्टेड'मध्ये (सरकारच्या परवानगीनंच निर्यात) टाकली, तशी प्रत्येक वस्तू नसते. भावा, कोड टाक.

कृष्णाकाठ_सांगली
सांगलीतनं दुसरं काय जाणार? हळद पावडर. 0910 30 30.

मिरज_मार्केट
मग हेच कारण. हळद अपेडाकडं येत नाही, तो मसाला आहे. स्पायसेस बोर्डाच्या 1986 च्या कायद्यातल्या यादीत हळद आहे, म्हणून बोर्डाचं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे 'क्रेस', लागतं. दळण स्वतःचं का जॉबवर्क (मजुरी देऊन दुसऱ्याकडनं)? उत्पादक निर्यातदार का व्यापारी निर्यातदार, ते त्यावर ठरतं आणि कागदही तसे लागतात.

तासगावचा_बेदाणा
एवढ्या भानगडीपेक्षा मर्चंट एक्स्पोर्टरला (व्यापारी निर्यातदाराला) द्या माल. मी बेदाणा तसाच देतो, पैसे इथंच रुपयात मिळतात.

लोणंदवाला
आणि भाव? धोरण फिरलं की मधला माणूस सगळ्यात आधी हात वर करतो. आमच्याकडं तेच झालं.

तासगावचा_बेदाणा
माझ्याकडं नाही झालं. आमचं दुखणं आयातीचं आहे. बाहेरचा स्वस्त बेदाणा आला की आमचे सौदे पडतात. सरकारनं तिथं शुल्क कडक लावावं.

हरिपूरकर
सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. पाकिटावर त्याचा लोगो टाका, दर वाढून मिळेल.

हिशेबनीस
असा कुणालाही टाकता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी लागते.

कृष्णाकाठ_सांगली
लोगोचं नंतर बघू. दळण कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्कवर केलंय, म्हणजे व्यापारी ना? क्रेस येईपर्यंत माल तिथंच ठेवू का परत आणू? भाडं चढतंय.

मिरज_मार्केट
हो, व्यापारीमध्ये अर्ज करा, आजच. माल पोर्टच्या सीएफएसमध्ये (कस्टमच्या ताब्यातलं कंटेनर गोदाम) आत गेलाय का बाहेरच्या गोदामात आहे? आत गेला असेल तर परत काढायला कस्टमची 'बॅक टू टाऊन' (माल परत नेण्याची) परवानगी लागेल. बाहेर असेल तर गोदाम बदलून भाडं वाचवता येईल.